हिवाळ्याचा हिशेब : मोंटानाच्या माळावरची गुरं आणि १८८६–८७ चा धडा

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर कुणीतरी विचारलं होतं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानातले, मग गुराढोरांच्या इतिहासात कसे शिरलात? प्रश्न रास्त आहे. आजचं व्याख्यान हे त्याचंच उत्तर समजा. आज आपण एका हिवाळ्याबद्दल बोलणार आहोत. १८८६ चा शेवट आणि १८८७ ची सुरुवात; जागा अमेरिकेच्या उत्तरेकडची गवताळ मैदानं, म्हणजे मोंटाना, वायोमिंग आणि डकोटा. तिथे मांसासाठी पाळलेली गुरं हिवाळाभर उघड्या माळावर सोडून देत. त्या एका हिवाळ्यात ती लाखोंनी मेली. का मेली, माणसं त्यातून काय शिकली आणि काय शिकली नाहीत, एवढाच आजचा विषय.

आपल्यापैकी काही जणांना मांसासाठी गुरं पाळणं ही कल्पनाच खटकेल. ते आम्हाला ठाऊक आहे आणि तो वाद आज आपण सोडवणार नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. जनावर कशासाठीही पाळलेलं असो, ते आपण पाळलंय म्हटल्यावर त्याच्या भुकेची जबाबदारी आपल्यावर येते. आज आपल्याला त्या जबाबदारीचा इतिहास पाहायचाय.

सुरुवात एका छोट्या चित्रापासून करू. मोंटानाच्या ज्युडिथ खोऱ्यात चार्ल्स रसेल नावाचा बावीस वर्षांचा एक गुराखी होता. पुढे तो मोठा चित्रकार म्हणून गाजला. तेव्हा मात्र पगारावर गुरं राखत होता. तो हिवाळा काढत होता त्या रँचवर हेलेना शहरातल्या एका मालकाची गुरंही सांभाळायला होती. मालकाने पत्र पाठवून विचारलं, आमची गुरं कशी आहेत? मुकादम उत्तर लिहायला बसला. रसेलने पुठ्ठ्याचा एक लहानसा तुकडा घेतला, पोस्टकार्डाएवढा, आणि त्यावर जलरंगात एक गाय काढली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, पाय रोवून बर्फात उभी, आणि भोवती लांडगे वाट बघत बसलेले. पत्राऐवजी ते चित्रच गेलं. त्याचं नाव पडलं ‘वेटिंग फॉर अ चिनूक’. चिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून पूर्वेकडे उतरणारा उबदार, कोरडा वारा. तो सुटला की काही तासांत बर्फ वितळतं आणि गवत उघडं पडतं. ती गाय त्या वाऱ्याची वाट बघत होती. त्या साली तो वारा मार्चमध्ये आला. तोवर फार उशीर झाला होता.

आता प्रश्न असा, की ती गाय तिथे गेलीच कशी?

त्यासाठी वीस वर्षं मागे जाऊ. १८६५ मध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं. टेक्सासमध्ये लांब शिंगांची, अर्धी रानटी अशी लाखो गुरं मोकाट वाढलेली होती. तिथे त्यांना कवडीचा भाव. उत्तरेकडच्या शहरांत मात्र दहापट किंमत. मग गुराख्यांनी कळप हाकत उत्तरेला न्यायला सुरुवात केली. १८६७ पासून कॅन्ससमधलं अ‍ॅबिलीन हे रेल्वेचं ठाणं या व्यापाराचं नाकं बनलं. हळूहळू कुणाच्या तरी लक्षात आलं, की ही गुरं आणखी उत्तरेला, वायोमिंग-मोंटानाच्या कुरणांवर नेऊन सोडली तर तिथे ती फुकटच्या गवतावर वजन धरतात.

फुकटचं गवत. या शब्दांपाशी आपण जरा थांबू. ते गवत फुकट होतं म्हणजे काय? त्या मैदानांवर कोट्यवधी गवे होते. आपल्याकडचे गवे नव्हेत, अमेरिकन बायसन. लाकोटा, क्रो, ब्लॅकफीट अशा लोकांचं सगळं जगणं त्या बायसनवर उभं होतं. कातड्यांच्या व्यापारासाठी शिकाऱ्यांनी बायसन कापून काढले. दक्षिणेतला कळप १८७९ च्या सुमारास संपला, उत्तरेतला १८८३ च्या सुमारास. माणसांना राखीव प्रदेशांत कोंडलं गेलं. १८८३–८४ च्या हिवाळ्यात मोंटानातले ब्लॅकफीट लोक उपाशी मेले, शेकडोंनी. कारण बायसन उरले नव्हते आणि सरकारी शिधा पुरेसा नव्हता. त्याच १८८३ साली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा मार्ग मोंटानात पुरा जोडला गेला. म्हणजे बघा, गवत फुकट नव्हतं. त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी चुकवली होती. ज्या माळावर तीन वर्षांनी गुरं उपाशी मेली, तिथे आधी माणसं उपाशी मेली होती. हा क्रम आपण विसरायचा नाही.

आता त्या गवताचा गुणही समजून घेऊ, कारण सगळी कथा त्यावर फिरते. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यानंतर गवत उभ्या उभ्या कुजतं, सत्त्व निघून जातं. या मैदानांवर उन्हाळ्याच्या शेवटाला पाऊस थांबतो, हवा कोरडी होते, आणि बफेलो ग्रास, ब्लू ग्रामा अशी बुटकी गवतं मुळावर उभी असतानाच वाळतात. जणू निसर्गानेच वाळवण घातलं. त्यात पोषण बऱ्यापैकी टिकतं. तिथे एक गोष्ट सांगत असत. मालवाहू गाड्या घेऊन जाणारा कुणी एक गाडीवान बर्फात अडकला, बैल तिथेच सोडून जीव वाचवून पळाला. वसंतात येऊन बघतो तर बैल मेले नाहीतच, उलट धष्टपुष्ट झालेत! ही गोष्ट वेगवेगळ्या माणसांच्या आणि ठिकाणांच्या नावाने फिरते, म्हणजे ती दंतकथाच. पण माणसं दंतकथेवर पैसे लावतात, बरं का.

आणि लावलेच. १८८१ साली जेम्स ब्रिस्बिन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचं ‘द बीफ बोनान्झा’ हे पुस्तक निघालं. मैदानांवर श्रीमंत कसं व्हावं, याचा त्यात हिशेब होता. एवढ्या गायी घ्या, इतकी वासरं होतील, इतक्या वर्षांत इतकी गुरं. या पुस्तकी कळपात गुरं फार कमी मरायची. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात कंपन्या निघाल्या. १८८३ ची स्वान लँड अँड कॅटल कंपनी ही त्यातली नावाजलेली. भागधारक एडिंबऱ्यात, गुरं वायोमिंगात. कळप विकत घेताना माळावर जाऊन शिरगणती करायची पद्धत नव्हती. वहीत लिहिलेला आकडा धरत. त्याला ‘बुक काउंट’ म्हणत. चेयेन्न शहरातली एक आख्यायिका आहे, की बाहेर वादळ घोंघावत असताना दारूच्या गुत्त्यात कुणीतरी मालकांना धीर दिला : वादळ कितीही होऊ दे, वह्या काही गारठत नाहीत. खरं असो-नसो, तो विनोद त्या काळाची नाडी सांगतो.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. बर्ट्रांड रसेल (हा रसेल वेगळा, चित्रकाराचा कुणी नव्हे) १९१२ च्या आपल्या एका पुस्तकात कोंबडीचं उदाहरण देतो. रोज दाणे टाकणारा माणूस कोंबडीला रोज भेटतो. कोंबडी म्हणते, हा माणूस आला की दाणे मिळतात. आणि एक दिवस तोच माणूस तिची मान पिरगाळतो. आधीच्या दिवसांवरून पुढच्या दिवसाचं अनुमान काढणं यालाच आपण विगमन म्हणतो. १८७० च्या दशकाच्या शेवटापासून हिवाळे बहुतांशी सौम्य गेले होते. मधला १८८०–८१ चा हिवाळा कडक होता, पण तेव्हा माळावर गर्दी कमी होती, म्हणून निभावलं. त्यावरून लोकांनी नियम काढला, की इथे गुरांना हिवाळ्यात चारा घालावा लागत नाही. खरं तर एवढंच सिद्ध झालं होतं, की कमी गुरं आणि बरं गवत असेल तर सौम्य हिवाळा निघतो.

या नियमाला पहिला तडा दक्षिणेत गेला. १८८५ च्या उन्हाळ्यात अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी हुकूम काढला, की आजच्या ओक्लाहोमात येणाऱ्या चेयेन-अरापाहो प्रदेशातून गुरांच्या मालकांनी ४० दिवसांत आपली गुरं काढावीत. दोन लाखांहून जास्त गुरं आधीच भरलेल्या शेजारच्या कुरणांवर लोटली गेली. त्याच हिवाळ्यात दक्षिण मैदानांवर भयंकर वादळं आली. गुरं वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतात. टेक्सासच्या उत्तर भागात, मालकांनी परकी गुरं येऊ नयेत म्हणून काटेरी तारेची लांबच लांब कुंपणं घातली होती. चालत आलेली गुरं त्या तारेपाशी अडकली, एकमेकांवर साचली आणि तिथेच गोठली. उत्तरेकडच्या मालकांनी हे ऐकलं, आणि काही जणांनी तर दक्षिणेतली उरलेली गुरं स्वस्तात मिळतात म्हणून आपल्या माळावर आणखी भर टाकली.

मग आलं १८८६. उन्हाळा कोरडा आणि तापलेला. गवत वाढलंच नाही. ओढे आटले, ठिकठिकाणी वणवे लागले. गुरांचे भाव पडलेले, म्हणून मालक विकायला तयार नाहीत. म्हणाले, पुढल्या साली भाव येईल. म्हणजे कमी गवत आणि जास्त गुरं. ऑक्टोबर उजाडला तेव्हाच कळप हाडकुळे होते. मंडळी, आमच्या मते त्या गुरांचं मरण जानेवारीत नाही, इथेच ठरलं. बाकी सगळी अंमलबजावणी.

नोव्हेंबरमध्येच मोठा बर्फ पडला. मध्ये थोडं ऊन आलं, वरचा थर वितळला आणि रात्री पुन्हा गोठला. आता गवतावर नुसतं बर्फ नव्हतं, बर्फाची फरशी होती. घोडा पुढच्या खुराने बर्फ उकरून खालचं गवत काढतो. बायसन आपलं अवजड डोकं झाडूसारखं फिरवून बर्फ बाजूला सारतो. गाय मात्र नाकाने बर्फ ढकलते. भुसभुशीत बर्फ असेल तर जमतं. फरशी असेल तर नाक सोलपटतं, घोटे कापले जातात, रक्ताच्या खुणा बर्फावर उमटतात. जानेवारीत पारा उणे ४० अंशांच्या आसपास गेला. आणि उणे ४० ला सेल्सिअस-फॅरनहाइट हा भेदही उरत नाही. जानेवारीच्या शेवटी पुन्हा मोठं वादळ आलं. गुरं नद्यांच्या घळींत शिरली, विलोची झुडपं सालीसकट खाल्ली. काही कळप गावांत आले आणि घरांच्या खिडक्यांपाशी येऊन हंबरत राहिले. घरातल्या लोकांकडे त्यांना द्यायला काही नव्हतं, कारण कुणी गवत कापून ठेवलंच नव्हतं.

मार्चमध्ये चिनूक आला, बर्फ उतरलं, नद्या फुगल्या आणि त्यांतून मेलेली गुरं वाहत गेली. नक्की किती मेली? वहीतला आकडाच मुळात खोटा, तेव्हा मेलेल्यांचा आकडाही अंदाजाचाच. काही कळपांत दहातली नऊ गेली. काही ठिकाणी, विशेषतः जिथे आडोसा होता आणि गुरं हवेला सरावलेली होती, तिथे बरीच वाचली. टेक्सासहून नुकती आणलेली गुरं आधी गेली. पण एकूण आकडा लाखोंत होता, याबद्दल इतिहासकारांत वाद नाही. गुराख्यांनी या हिवाळ्याला ‘द ग्रेट डाय-अप’ म्हटलं. वसंतात गुरं गोळा करण्याला ते ‘राउंड-अप’ म्हणत, त्यावरची ही कडवट कोटी.

थिओडोर रूझवेल्ट, पुढचे अध्यक्ष, डकोटात दोन रँचेस चालवत. हिवाळ्यात ते युरोपात होते. डिसेंबरमध्ये लंडनला त्यांचं लग्न झालं. वसंतात परत येऊन पाहिलं तर निम्म्याहून जास्त कळप नाहीसा. हळूहळू ते त्या धंद्यातून बाहेर पडले. स्वान कंपनी १८८७ मध्येच दिवाळखोरीत गेली. डीअर लॉजचे कॉनराड कोअर्स यांचंही जबर नुकसान झालं, पण कर्ज घेऊन ते पुन्हा उभे राहिले. त्यांचं रँच आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. आणि ग्रॅनव्हिल स्टुअर्ट, मोंटानातले जुने, वजनदार पशुपालक, त्यांनी नंतर लिहून ठेवलं, की ज्याला चारा आणि निवारा देऊ शकत नाही असं जनावर पुन्हा बाळगायचं नाही, असं आपण ठरवलं. या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आम्हाला तेच वाटतं. कारण त्यात एक नैतिक निर्णय आहे. हिवाळ्याचा धोका आता जनावराने नाही, मालकाने उचलायचा.

‘बैल गेला आणि झोपा केला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मोंटानात अक्षरशः तेच झालं. पण झोपा तरी केला! मोकळा माळ संपत गेला, कुंपणं आली, कळप लहान झाले आणि नदीकाठची जमीन गवत कापण्यासाठी राखली जाऊ लागली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोंटानात कापणीच्या गवताखालची जमीन कित्येक पटींनी वाढली. घोड्यावरून न उतरण्यात अभिमान बाळगणाऱ्या गुराख्याच्या हातात विळा-दाताळं आलं. त्याला ते आवडलं नाही, तो भाग वेगळा. बिग होल खोऱ्यात दोन पशुपालकांनी लाकडाची एक उतरती घसरण बनवली. घोडे लावून तिच्यावरून गवत वर ओढायचं आणि पलीकडे गंजीवर पाडायचं. १९१० मध्ये तिचं पेटंट झालं; लोक तिला ‘बीव्हरस्लाइड’ म्हणतात. त्या खोऱ्याला दहा हजार गंज्यांचं खोरं असं नाव पडलं.

आता गंजी आली म्हणून प्रश्न सुटला का? नाही. विज्ञान पुढे आलं आणि म्हणालं, नुसतं पोट भरणं म्हणजे खाणं नव्हे.

गाय रवंथ करते हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तिच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. गवत तेच पचवतात. गाय त्या जिवांवर जगते. पण त्या सूक्ष्मजीवांना नत्र लागतं, म्हणजे प्रथिनं लागतात. हिरव्या गवतात ती भरपूर. हिवाळ्यातल्या वाळक्या गवतात ती घसरून ४ ते ६ टक्क्यांवर येतात. साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेलं की सूक्ष्मजीव मंदावतात. गवत पोटात तसंच पडून राहतं, पोट भरलेलं म्हणून गाय आणखी खात नाही, आणि भरल्या पोटी रोडावते. मग उपाय काय? थोडी पेंड. किलोभर पेंडीने सूक्ष्मजीव जागे होतात आणि तीच गाय तेच वाळकं गवत जास्त खाते, जास्त पचवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेच्या कुरणांवर यासाठी जी पेंड रुळली ती कोणती? सरकीची! विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना हे काही नवीन वाटणार नाही. नुसत्या कडब्यावर जनावर उभं राहत नाही, वर ओंजळभर सरकी पेंड हवी, हे त्यांच्या घरातल्या बाईला ठाऊक असतं. फक्त का, ते प्रयोगशाळेने सांगितलं.

मोंटानात माइल्स सिटीजवळ फोर्ट किओ आहे. १८७६ मध्ये लाकोटा आणि चेयेन लोकांशी लढण्यासाठी ते लष्करी ठाणं उभं राहिलं. १९२४ मध्ये तिथेच कुरणं आणि गुरं यांचं सरकारी संशोधन केंद्र सुरू झालं, ते आजही चालू आहे. जागा तीच, काम बदललं.

दुसरी गोष्ट थंडीची. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गवत आंबताना उष्णता तयार होते. ती त्याची शेगडी. दाट, कोरडी हिवाळी लव अंगावर असेल तर उणे ८ अंशांपर्यंत गायीला जादा खाणं लागत नाही. पण तीच लव भिजली तर १५ अंशांतसुद्धा तिला अंग तापवायला जास्त खावं लागतं. म्हणून थंडीपेक्षा ओल आणि वारा वाईट. याचा पुरावा अलीकडे मिळाला. २०१३ च्या ऑक्टोबरात साउथ डकोटात आधी पाऊस आणि मग अवेळी हिमवादळ आलं. गुरं अजून उन्हाळी कुरणावर, आडोशापासून दूर; हिवाळी लव आलेली नव्हती. हजारो गुरं मेली. त्यांच्या मालकांनी निष्काळजीपणा केलेला नव्हता. वर्षाच्या त्या काळात असं होत नाही, एवढाच त्यांचा अनुभव होता. पुन्हा तीच कोंबडी! म्हणजे धडा शिकलो असं म्हणून वही मिटता येत नाही.

तिसरी गोष्ट, आणि आम्हाला सर्वांत भावलेली, म्हणजे बघायची शिस्त. आज तिकडचे पशुपालक गायीला १ ते ९ असे गुण देतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे चरबीने थुलथुलीत. बरगड्या, पाठीचा कणा, माकडहाडाजवळची जागा, शेपटीचं मूळ, हे बघायचं, शक्य असेल तर हाताने चाचपायचं. वितेवेळी गाय साधारण ५ वर असावी. एक गुण म्हणजे ढोबळपणे ३५ ते ४५ किलो. समजा ऑक्टोबरात गाय ४ वर आहे आणि विण्याला अजून बराच काळ आहे. ८० दिवसांत ४० किलो भरून काढायचे म्हणजे दिवसाला अर्धा किलो. जमण्यासारखं आहे. तेच जानेवारीत लक्षात आलं तर? पोटातलं वासरू शेवटच्या तीन महिन्यांतच झपाट्याने वाढतं, थंडी वरून खाते, आणि गायीच्या अंगाला काही लागत नाही. अशी गाय व्याली तर वासरू अशक्त, चीक कमी, आणि ती पुन्हा माजावर उशिरा येते. म्हणजे एका हिवाळ्याची भूक पुढच्या वर्षाच्या वासरापर्यंत पोचते.

म्हणून हिवाळ्याचं काम शरदातच होतं. वासरू वेळेवर तोडलं की दूध आटतं आणि गायीची गरज बरीच कमी होते. पहिलारू कालवडी आणि रोड गायी वेगळ्या बांधायच्या, नाहीतर दांडग्या गायी त्यांना गव्हाणीशी येऊच देत नाहीत. गवताचा हिशेब मांडायचा : ५०० किलोच्या गायीला दिवसाला १० ते ११ किलो कोरडा चारा, पाच महिन्यांचा हिवाळा, म्हणजे एकेका गायीमागे दीड टनाहून जास्त, शिवाय नासाडी वेगळी. गंजी तेवढी नसेल तर गुरं आता विकायची, भाव पडलेला असला तरी. १८८६ मध्ये नेमकं हेच झालं नाही.

आता एक आक्षेप आपणच घेऊ. स्टुअर्टचं म्हणणं पटलं म्हणून सगळा हिवाळा गंजीवरच काढायचा का? गवत कापणं, बांधणं, वाहणं, सगळं डिझेलवर चालतं; मांसाच्या गुरांच्या धंद्यात मोठ्यातला मोठा खर्च हिवाळी चाऱ्याचाच. म्हणून हल्ली उलटा विचारही चालतो. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत विद्यापीठाच्या केंद्रावर वीत मार्चऐवजी जूनमध्ये आणून पाहिली. गायीची सर्वांत जास्त गरज हिरव्या गवताच्या दिवसांत यावी, आणि हिवाळा तिने राखलेल्या कुरणावर, थोड्या पेंडीच्या आधाराने काढावा, असा त्यामागे विचार. कॅनडात ओट किंवा बार्ली कापून रांगांत शेतातच ठेवतात. गुरं बर्फ बाजूला सारून खातात. म्हणजे हिवाळी चराई वाईट नव्हतीच. राखून ठेवलेलं कुरण आणि नशिबावर सोडलेलं कुरण यांत फरक आहे. दिसायला दोन्ही सारखीच, बर्फात चरणारी गुरं. पण पहिल्यामागे उन्हाळ्यात कुणीतरी त्या गवतावरून आपलं जनावर मागे घेतलेलं असतं.

मंगोलियाचं उदाहरण इथे जोडून बघा. कोरडा उन्हाळा आणि मागोमाग जीवघेणा हिवाळा, याला तिथे ‘झुड’ असा स्वतंत्र शब्दच आहे. २००९–१० च्या झुडमध्ये ८० लाखांहून जास्त जनावरं गेली. समाजवादी काळात सरकारी सामुदायिक संस्था वैरणीचे साठे ठेवत. १९९० नंतर त्या मोडल्या, जनावरांची संख्या वाढत गेली आणि साठ्यांची जबाबदारी कुणाचीच उरली नाही. बघा, मोंटानाचीच गोष्ट, सव्वाशे वर्षांनी, दुसऱ्या खंडात.

आणि आपल्याशी याचा संबंध? एक गमतीचा धागा आहे. अमेरिकेतली ‘ब्राह्मन’ ही गोवंशाची जात ज्या भारतीय जातींपासून बनली त्यांत गीर, कांक्रेज, ओंगोल यांच्याबरोबर आपली कृष्णाकाठची ‘कृष्णा व्हॅली’ जातही आहे. काळ्या जमिनीतल्या नांगरटीसाठी सांगलीकडच्या संस्थानिकांनी जोपासलेली ही जात. तिच्या रक्ताची गुरं अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, उन्हात आणि गोचिडांत उत्तम टिकली. कारण कातडी सैल, केस आखूड. पण तेच गुण मोंटानाच्या हिवाळ्यात दोष ठरतात. जनावर कणखर आहे असं आपण म्हणतो तेव्हा विचारायला हवं, कुठे कणखर? टेक्सासची गुरंही कणखर म्हणूनच उत्तरेला नेली होती.

आपल्याकडे बर्फ नाही. आपला हिवाळा म्हणजे उन्हाळा. चैत्र-वैशाखातला उघडा माळ. आमचे आजोबा माणदेशातले. दिवाळी झाली की कडब्याची गंज मोजायचे. पेंढ्या किती, दावणीला तोंडं किती, आणि आषाढापर्यंत दिवस किती. बोटांवर हिशेब. १९७२ च्या दुष्काळात कार्तिकातच त्यांनी खिलार जोडीतला एक बैल विकला. आम्ही तेव्हा शिकायला शहरात होतो, विशीतले, शहाणे. सुट्टीत येऊन त्यांना म्हणालो, अण्णा, एवढी घाई कशाला, अजून गंज शिल्लक आहे. ते म्हणाले, गंज आहे म्हणूनच आज गिऱ्हाईक आहे. गंज संपल्यावर माझ्या बैलाला बाजारात कोण विचारणार? त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. पण दुसरा बैल आणि गाय पावसापर्यंत तगली. आम्ही पुढे ॲरिस्टॉटल शिकवला, व्यवहारातल्या शहाणपणावर वर्षानुवर्षं बोललो. योग्य गोष्ट योग्य वेळी करणं, असा त्याचा अर्थ मुलांना सांगताना डोळ्यांपुढे ती कार्तिकातली संध्याकाळच यायची.

अलीकडच्या दुष्काळांत, २०१२–१३ ला आणि २०१८–१९ ला, आपण चारा छावण्या पाहिल्या. त्यांनी जनावरं वाचवली, हे खरंच. पण छावणी हा आपला चिनूक होऊ नये. वाट बघायची आणि आला तर वाचलो, असं नको.

रसेलच्या चित्रातल्या गायीकडे परत जाऊन थांबू. त्या चित्रात मालक नाही. तो हेलेनात बसून पत्र लिहितोय, गुरं कशी आहेत. प्रश्न चांगलाच होता. फक्त तो जानेवारीत विचारण्याचा नव्हता, सप्टेंबरात माळावर जाऊन, गवत पायाखाली घेऊन, गायीच्या पाठीवरून हात फिरवून विचारायचा होता.

प्रश्नोत्तरांसाठी दहा-पंधरा मिनिटं आहेत. ज्यांच्या घरी आजही दावण आहे त्यांनी आधी बोलावं, अशी आमची विनंती. त्यांच्याकडून आम्हालाच शिकायचं आहे.